सातचा प्रबंध

दुशित्सा स्तानोय्लोविच माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एकवीस वर्षं बसली. नोकर म्हणून नाही आणि भाडेकरू म्हणूनही नाही. बाइंडिंगच्या मशीनशेजारी एक टेबल रिकामं होतं आणि एका ऑक्टोबरात तिच्या घरचा हीटर बिघडला, म्हणून ती आली. हीटर आठवड्यात दुरुस्त झाला. ती उठली नाही.

काचेला आतून एक कागद चिकटवलेला असे : ‘निबंध, प्रकल्प, प्रबंध. सर्व विषय.’ खाली कात्रीने कापलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर तिचा फोन नंबर. नीश शहरात आमच्या एका गल्लीला तीन कॉलेजं लागून आहेत. परीक्षेच्या हंगामात पट्ट्या दोन दिवसांत संपत.

‘सर्व विषय’ ही जाहिरातबाजी नव्हती. गाईच्या कासेची सूज, शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा हक्क, गरम पाण्याच्या झऱ्यांचं पर्यटन, चार वर्षांच्या मुलांनी काढलेली माणसं, पुलाच्या खांबाखालची झीज, सगळ्यांवर तिने लिहिलं. गाईच्या जवळ ती आयुष्यात गेली नव्हती. पूल मात्र रोज ओलांडायची.

तिची पद्धत मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

“कितीचा?” ती विचारायची.

“म्हणजे, मावशी?” समोर पर्यटनाची एक मुलगी, नखं ताजी रंगवलेली.

“दहापैकी सहा मार्कांचा, सातचा, आठचा. सहाला पास करतात.”

“दहाचाच द्या की.”

“वर्गात किती वेळा गेलीस?”

मुलगी विचारात पडली. “सरांचं नाव माहीत आहे मला.”

“मग सातचा. दहाचा दिला तर सर वाचतील. वाचलं की प्रश्न विचारतील. विचारले की तू रडशील.”

“मी नाही रडत.”

“सगळे असंच म्हणतात. बस. पाच मिनिटं बोल.”

“कशावर?”

“कशावरही. काल काय जेवलीस ते सांग.”

मुलगी बोलायची, दुशित्सा तिचे शब्द टिपून घ्यायची. ही ‘अर्थात’ फार म्हणते, तो प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं’ने सुरू करतो. प्रबंधात ते शब्द बेताने पेरले जात. सातच्या प्रबंधात दोन तळटीपांना पान क्रमांक नसे. मध्ये एका ठिकाणी आता या पोराला स्वतःचं काहीतरी सुचणार असं वाटे, आणि सुचत नसे. समारोप ‘वरील सर्व बाबी विचारात घेता’ या शब्दांनी सुरू होई आणि प्रस्तावनाच पुन्हा सांगे. एकवीस वर्षांत एकही गिऱ्हाईक पकडलं गेलं नाही. तिला याचा अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती. परटाला दुसऱ्याच्या शर्टाबद्दल जेवढं वाटतं, तेवढंच.

तिचा स्वतःचा विषय इतिहास. जुना अभ्यासक्रम, सगळ्या परीक्षा पास. टेबलाच्या खणात लाल कव्हरची इंडेक्स होती, प्राध्यापकांनी मार्क लिहून सही करायची ती वही. राहिला होता फक्त शेवटचा प्रबंध. आधी वडिलांची बेकरी गेली, मग वडील गेले, मग हे टेबल मिळालं. जुन्या अभ्यासक्रमाची मुदत दर वर्षी सप्टेंबरअखेर संपायची, आणि दर वर्षी वरून वाढवून यायची. पहिली दोन वर्षं लोकांनी धावपळ केली. नंतर कुणी केली नाही. पानगळीसाठी कुणी धावपळ करतं का?

त्या वर्षी मात्र नदीपलीकडच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रादोय्काबाई प्रश्नपत्रिका छापून घ्यायला आल्या आणि टेबलापाशी थांबल्या.

“ग्रंथपालाची जागा निघते आहे. एक ऑक्टोबरपर्यंत मी कशीबशी धरून ठेवते. डिप्लोमा घेऊन ये, बाकी माझ्यावर सोड.”

“बघते,” दुशित्सा म्हणाली. ती बावन्न वर्षांची होती. असं कुणी तिच्यासाठी काही धरून ठेवल्याचं मला आठवत नाही.

हे एप्रिलमध्ये झालं. पंचवीस ऑगस्टला पेपरात बातमी आली, यंदा मुदतवाढ नाही.

“वाढवतील गं. दर वर्षी नाहीच म्हणतात आणि वाढवतात,” मी म्हणालो.

“एप्रिलमध्येही हेच म्हणालास, तोझा.”

“दर वर्षी बरोबरच ठरलोय मी.”

तिने नवी फाइल उघडली. विषय केव्हाच मंजूर झालेला होता : दोन महायुद्धांच्या मधले नीशचे बेकर. वडील बेकर, आजोबा बेकर. अकरा दिवसांत प्रबंध झाला. त्याच अकरा दिवसांत चार गिऱ्हाइकांचेही झाले. एक साठवणीच्या गव्हाला लागणाऱ्या बुरशीवर होता. एकाच टेबलावर, एकाच चेहऱ्याने.

बाइंडिंग मी केलं. गडद निळं कापडी कव्हर, सोनेरी अक्षरं, माझ्याकडून. बांधायला येईल ते वाचायची मला सवय आहे, इतरांना सिगारेटची असते तशी. बासष्टाव्या पानावर एका तळटीपेला पान क्रमांक नव्हता. एकाहत्तराव्यावर दुसरी तशीच. समारोप ‘वरील सर्व बाबी विचारात घेता’ने सुरू होत होता. मी पहिलं पान काढलं आणि पुन्हा सगळा वाचला. स्वच्छ, नेटका, सातचा प्रबंध होता. मला वाटलं, तिने ठरवूनच सातचा केला असेल, दहाचा दिला तर प्रश्न विचारतात. उस्तादाला आपण काय शिकवायचं. सोनेरी अक्षरं दाबली आणि गप्प राहिलो.

अठ्ठावीस सप्टेंबरला तिसऱ्या मजल्यावर तोंडी होती. नंतर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना खाऊ घालायचं असतं, म्हणून मी ट्रेमध्ये किफ्लं, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे खारे पाव, आणि रसाच्या दोन बाटल्या घेऊन शेवटच्या बाकावर बसलो. समोर तिघे परीक्षक. एक घड्याळाकडे बघत होता, दुसरा माझ्या ट्रेकडे. मधल्या प्रोफेसर वुकाशिनोविचबाई दुशित्सापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. जुने मार्गदर्शक निवृत्त झाल्यामुळे प्रबंध त्यांच्याकडे आला होता. त्या महिन्यात जुन्या अभ्यासक्रमाचे चाळीस जण एकदम उगवले होते, त्यामुळे त्यांनी तो आदल्या दिवशीच वाचला होता.

“स्तानोय्लोविचबाई, हे तुम्ही लिहिलंय?”

दुशित्साने समोरची इंडेक्स सरळ करून ठेवली.

“विचारते, कारण हा हात माझ्या ओळखीचा आहे. पंधरा वर्षं वाचते आहे मी हा हात. पान नसलेल्या दोन तळटीपा. ‘वरील सर्व बाबी’. खाली झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी बसतं म्हणे. आजवर मी तिकडे गेले नाही, कुणाकुणाला पकडणार? पण हे तुमचं असेल, तर बाकीचेही तुमचेच. मग मला जावं लागेल.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. घड्याळवाल्यानेही मान वर केली.

‘हो’ म्हटलं तर निळं कव्हर तिचं, डिप्लोमा तिचा, नदीपलीकडची ग्रंथपालाची खुर्चीही तिची होण्याची शक्यता होती. पण त्याबरोबर एकवीस वर्षांची नावंही बाहेर आली असती. त्यांतली एक मुलगी खालच्याच मजल्यावर शिकवत होती. एकजण आमच्या भागातला जनावरांचा डॉक्टर होता, आणि बरा डॉक्टर होता. दुशित्सा माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या लाकडाकडे बघत होती, तिथे कुणीतरी पूर्वी नाव कोरलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “विकत घेतलाय.”

“कुणाकडून?”

“नाव नाही विचारलं. बाई बरी वाटली.”

प्रोफेसरबाईंनी निळं कव्हर मिटलं. “अर्जात लिहिलंय तुम्ही, वडील बेकर होते म्हणून.”

“होते.”

“यात त्यांचं एकही वाक्य नाही.”

“सातमध्ये बसत नाही ते.”

प्रोफेसरबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना कळलं. पण त्या दुकानात कधी आल्या नाहीत. नापास झाल्याचं इंडेक्समध्ये लिहीत नाहीत. शेवटची ओळ कोरीच ठेवून वही परत मिळाली.

जिन्यात दुशित्साने विचारलं, “किफ्लं कुणी खाल्ली?”

“तो ट्रेकडे बघणारा. तीन.”

“उरलेली दुकानात नेऊ.”

दुकानात आल्यावर तिने काचेवरचा कागद स्वतः काढला. चिकटपट्टीचे कोपरे नखाने खरवडून साफ केले, मग ओल्या फडक्याने काच पुसली. तेवढ्यात कायद्याचा एक मुलगा आत आला.

“मावशी, सहाचा हवाय एक, सोमवारपर्यंत.”

“ती बाई आता बसत नाही.”

“तुम्हीच ना ती?”

“नाही. किफ्लं घे.”

त्याने दोन घेतली.

शाळेतली जागा तीन ऑक्टोबरला भरली. रादोय्काबाई सांगायला स्वतः आल्या, रडल्या. दुशित्साने त्यांना खुर्ची दिली. नोव्हेंबरात पेपरात आलं, जुन्या अभ्यासक्रमाची मुदत एका वर्षाने वाढवली, मागच्या तारखेपासून लागू.

“वाढवली बघ,” मी म्हणालो.

“वाचलं.”

“म्हणजे पुन्हा देता येईल. त्या बाई घेतील, मला वाटतं.”

“जागा गेली ना रे.”

“तरी.”

ती अर्ज भरून द्यायची कामं करू लागली होती. गॅसजोडणीचे, पासपोर्टचे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे. अर्जात कितीचा हे विचारावं लागत नाही. टेबल तेच, चेहरा तोच. विचारलं तर म्हणायची, बरं आहे. बरं नसावं असं दिसण्यासारखंही काही नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी प्रिंटरमध्ये एक पान राहिलं होतं. मी ते वाचलं. त्यावर लिहिलं होतं, चिमूटभर पीठ भट्टीच्या लादीवर टाकायचं आणि आकडे मोजायचे. सहापर्यंत काळं पडलं तर भट्टी फार तापली आहे. विसापर्यंत पांढरंच राहिलं तर अजून थंड आहे. बाबा ओठ न हलवता मोजायचे, त्यामुळे ते कितीवर थांबले हे कुणालाच कळायचं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. बेकरी बंद झाली त्या दिवशीही त्यांनी पीठ टाकलं होतं. तळटीप नव्हती.

“कितीचा?” मी सवयीने विचारलं.

तिने पान माझ्या हातातून घेतलं. “शाई संपत आली आहे तुझी. कडेला फिकट येतंय.”

मी शाई बदलली. पान दोनदा वाचलं होतं मी. एकवीस वर्षं तिच्या शेजारी बसूनही ते कितीचं होतं हे मला सांगता आलं नाही.