ओट्यावरचं सोनं

जवसाच्या तेलाचा वास आला की मला दसरा आठवतो. पन्नास सालानंतरची गोष्ट, सेलूजवळचं आमचं गाव. जन्मापासूनच माझ्या कातडीला जरा घासलं की फोड यायचा; आई मला हे तेल चोपडून केळीच्या पानावर निजवायची. लोकांना तो महारोग वाटे. दसऱ्याला सोनं द्यायला आलेले माझ्या वाट्याचं आपट्याचं पान ओट्यावर ठेवून निघून जात. मी आठ वर्षांची असताना शेजारची नवी सून सोनं द्यायला आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं पान माझ्या तळहातावर ठेवलं, माझी मूठ दोन्ही हातांनी गच्च दाबली आणि म्हणाली, “सोनं घे वं, अन् सोन्यावानी राह्य.” ती गेल्यावर तळहातभर फोड आला. आईनं विचारलं, “हे कोनं केलं वं?” मी म्हणाले, “म्याच घासलं.” पण गावानं त्या सुनेच्या कानावर माझा ‘महारोग’ घातलाच. पुढच्या दसऱ्याला तिनंही पान ओट्यावर ठेवलं आणि खाली बघत गेली. मी मात्र सकाळपासून तळहाताचं तेल पुसून बसले होते. अजूनही दसऱ्याला तशीच बसते.