सासूबाईंची वाढवलेली दहा वर्षं

आमच्या सासूबाईंची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पण आधार कार्डावर आहे त्यापेक्षा त्या दहा वर्षांनी तरी लहान आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गावच्या शाळेत आधार कार्डं काढायला माणसं आली, तेव्हा त्यांनी स्वतःच वय वाढवून सांगितलं. त्यांची लेक तळा तालुक्यात दिलेली. तिच्याकडे त्यांचं सारखं जाणं-येणं, आणि पासष्टीच्या पुढे एसटीला अर्धं तिकीट पडतं. केस लवकर पांढरे झालेले, पुढचे दात पडलेले, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. आमच्याकडे बऱ्याच जणींनी असं केलं आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मग कोरोनाची साथ आली. मुंबईहून परतलेल्या माणसांनी बातम्या आणल्या. दवाखान्यात खाटा संपल्या, ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून साठीच्या वरच्यांना आता देतच नाहीत. नळावर दुसरं बोलणं नव्हतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पयलं कार्ड बघतात गो. म्हातारं दिसलं की कोपऱ्यात सारतात."

आणि नेमका सासूबाईंना ताप आला. ताप उतरला, पण दम लागायला लागला. भाकरी थापता थापता त्या मधेच थांबायच्या आणि परातीवर हात टेकून बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाय, धूर लागला." चूल तर कधीची विझलेली असायची.

माझ्या यजमानांनी डब्यातून कार्ड काढलं आणि ते कितीतरी वेळ हातात धरून बसले. "आता याचं काय करायचं?" कार्ड नेलं तर वय दिसणार. नाही नेलं तर दाखल करून घेणार नाहीत. शेवटी ठरलं की कार्ड न्यायचं आणि ते चुकलंय असं डॉक्टरांना सांगायचं. सांगायचं मी. बाईमाणसासोबत आत एकच बाई सोडत होते.

मी चौथी शिकलेली. दुकानातसुद्धा मला मोठ्याने बोलता येत नाही, वस्तूकडे बोट दाखवते. रिक्षात सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी मास्कच्या आत एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणजे एक मुलगीच होती, प्लास्टिकच्या झग्यात घामाने भिजलेली. तिने सासूबाईंच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. तिने कार्ड हातात घ्यायच्या आधीच मी बोलून टाकलं, "मॅडम, कार्डावर चुकलंय. या एवढ्या म्हाताऱ्या न्हाईत. अठ्ठावन्नच्या हायेत."

तोवर सासूबाईंच्या तोंडून धड एक शब्द फुटत नव्हता. त्यांनी मान वर केली.

"तिचं ऐकू नका," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अडुसष्ट. कार्डावर हाय... तेच खरं." आणि माझ्याकडे डोळे वटारून, "तू गप गो! तिकीट बंद करशील माजं."

बाजूची सिस्टर मास्कच्या आत फसकन हसली. डॉक्टरला हसायचंही त्राण नव्हतं. "आजी, तुमचं तिकीट राहू दे तुम्हाला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ऑक्सिजन पुरवून पुरवून वापरतोय, हे खरं आहे. पण वयावर नाही ठरवत इथे. ज्याला श्वास कमी पडतो त्याला आधी. यांना कमी पडतोय."

मला वाटलं, नुसतं समजूत काढायला बोलतेय. पण तिने आम्हाला आत एक खाट दिली आणि खिडकीजवळच्या एका धडधाकट माणसाची नळी काढायला सांगितली. त्याला आता बरं होतं. त्याने स्वतःच ते ऑक्सिजनचं मशीन आमच्या खाटेपर्यंत ढकलत आणलं आणि "घ्या आजी" म्हणाला.

मशीनला पाण्याची बाटली असते, त्यात बुडबुडे येतात. ते दिवस मी त्या बुडबुड्यांकडे बघत काढले. ते चालू असले की माझ्या घशाखाली घास उतरायचा.

एका सकाळी मी तोंड धुऊन आले, तर बुडबुडे थांबलेले. सिस्टर सासूबाईंची नळी काढून मशीन नेत होती. समोरच्या खाटेवर एका तरुण माणसाला नुकतंच आणलं होतं. शेवटी कार्ड बघितलंच यांनी! या वेळी काही घोकायला वेळ नव्हता. मी सिस्टरची बाही धरली. "त्यांचा ऑक्सिजन का काढला? वयामुळे ना?" आवाज एवढा मोठा निघाला की सगळ्या खाटांवरून माणसं बघायला लागली.

सिस्टर रागावली नाही. तिने सासूबाईंच्या बोटाला चिमटा लावून मला आकडा दाखवला. "वाचता येतं ना? सत्त्याण्णव. रात्रीपासून मधून मधून बंद करून बघतेय मी. यांना आता लागत नाही, बाई."

"काय आरडतेस गो सकाळी सकाळी," सासूबाई म्हणाल्या. सबंध वाक्य, एका दमात.

मी खाली फरशीवर बसले. समोरच्या त्या तरुणाला नळी लावली होती. त्याचे खांदे वरखाली होत होते, ते हळूहळू शांत होत गेले. मी किती तरी वेळ त्याच्याकडेच बघत होते.

मग बाहेर धावले. फाटकापलीकडे माझे यजमान उभे होते. मी लांबूनच ओरडले, "आईंचा ऑक्सिजन काढला हो!"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझी चूक कळली. ते मटकन खालीच बसले.

"बऱ्या झाल्या म्हणून काढला!" मी आणखी जोरात ओरडले. "बऱ्या झाल्या म्हणून!"

ते उठले नाहीत. तिथेच मातीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की रिक्षावाले वळून बघायला लागले.