कोनच्या बॉयलरमध्ये नेमकं काय जळतं?

भिवंडीला फिरायला कोणी जात नाही. मी गेले, कारण आमच्या पुण्याच्या सरकारी ऑफिसात देशभरातून हवेत किती धूर आणि वायू जातो याचा अंदाज बांधणं चालू होतं: कारखाने, गाड्या, चुली, झालंच तर गरम पाण्याचे झरेसुद्धा. यादीत भिवंडीपुढे कुणीतरी कधीतरी ‘सायझिंगचे बॉयलर: लाकूड’ असं लिहून ठेवलेलं. मी विचारलं, “कुणी पाहिलंय का?” साहेब म्हणाले, “तूच बघून ये.” शंका काढणाऱ्याला आमच्याकडे हीच शिक्षा.

कल्याणपर्यंत रेल्वे, पुढे शेअर रिक्षाने भिवंडीच्या वाटेवरचं कोन गाव. जाणार असाल तर पांढरे कपडे नेऊ नका.

मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, ते सायझिंग. खळ शिजवायला वाफ लागते, म्हणून बॉयलर. मॅनेजरने फक्कड चहा पाजला. “मॅडम, सिर्फ लकडी. लिहून घ्या.” दाराशी लाकडं व्यवस्थित रचलेली होती. त्यांच्यावर चढलेल्या वेलाला फुलं आली होती.

भिंतीपलीकडे हिराबाईंचं घर. त्या दोरीवरचे कपडे झटकत होत्या.

“मावशी, इथं लाकूड जाळतात ना?”

“लाकडाचा वास आमाला कलत न्हाय व्हय? चिंध्या हायेत त्या, बाय. प्लास्टिक पन.”

“मग तक्रार नाही केलीत?”

“पोरगा तितंच ड्युटीला हाय. बॉयलरवर.”

तो पोरगा, दशरथ, चाळिशीचा. तीनला शिफ्ट सुटल्यावर खोकतच आला. फॉर्ममध्ये ‘माहिती देणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याने कारखान्याकडे मान वळवली. मग म्हणाला, “मागचं दार उघडंच असतं. मी तुमाला वळखत न्हाय.”

मी एकटीच गेले. आत छतापर्यंत चिंध्यांची पोती. नावाच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं, पुढे ‘स्वतः पाहिले’.

दुसऱ्या दिवशी एसटीने वज्रेश्वरी, तिथून अकलोली. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसले, मिसळ खाल्ली. झऱ्याच्या वाफेसाठी आमच्या फॉर्मात अख्खं पान आहे. चिंध्यांसाठी एक रकानासुद्धा नाही.

पुण्यात साहेबांनी बॉयलरची नोंद ‘इतर इंधन’मध्ये टाकली. देशाच्या आकड्याला त्याने धक्कासुद्धा लागला नाही. “पण आता बरोबर आहे,” ते समाधानाने म्हणाले.

मी हिराबाईंना फोन केला.

“दशरथचं नाव कुठंच नाही, मावशी.”

“आन् चिंध्यांचं?”

“ते लिहिलं.”

“मंग आता बंद व्हईल?”

मी खरं तेच सांगितलं: आम्ही फक्त मोजतो, बंद करत नाही. मागून दशरथचा खोकला ऐकू येत होता.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “लाकूड न्हाय, येवढं तरी सरकारला कललं.”