बिनदातांचे पाते

दगड कापण्याच्या करवतीविषयी एखाद्या अर्जलेखकाने लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि सोलापुरात कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांच्या गाऱ्हाण्यांना जी भाषा देत आलो, ती पदवीधर साहेबांनीही थांबून वाचली आहे. सांगण्याचे तात्पर्य इतकेच, की मी कोणतेही काम विचारांती करतो आणि हेही तसेच केले.

छंदाची सुरुवात कचेरीसमोरच्या खडीच्या ढिगापासून झाली. रस्त्याचे काम रखडले होते. पक्षकाराची वाट पाहता पाहता एक गारगोटी उचलली, बाटलीतल्या पाण्याने ओली केली, तो तिच्या अंगावर धुरकट निळे पट्टे उमटले. पुढे घरी पॉलिश पेपरने घासून अशा गारगोट्यांना चकाकी आणण्याचा मला नाद लागला. परंतु दगडाचे खरे रूप त्याच्या आत असते, आणि आत पाहायचे तर करवत हवी.

तशात आमच्या घरात एक दगड होता. माझी पत्नी वळसंगची. तिच्या लहानपणी वडिलांच्या शेतात विहीर खोदली, तेव्हा निघालेला हा पेरूएवढा गोल दगड ती लग्नात पेटीतून घेऊन आली. पुढे ती विहीर बुजली. दगड मात्र आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून राहिला. आकाराच्या मानाने तो हलका होता. आत पोकळी आहे हे तिने पोरवयातच ओळखले होते आणि हातोडीने फोडायलाही ती निघाली होती, पण वडिलांनी अडवले होते. आत काय आहे हे पाहण्याची तिची इच्छा इतक्या वर्षांत गेली नव्हती, आणि माहेरच्या विहिरीची ती एकच वस्तू गमावण्याची तिची तयारीही नव्हती.

"कापा," ती म्हणाली, "पर भुगा केला तर बघा."

मी रीतसर चौकशी आरंभली. मोटारीची ताकद, फेऱ्यांचा वेग, हमीची मुदत, सुटे भाग मिळण्याची शक्यता, असे मुद्दे मनाशी ठरवून मी यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने प्रथम एक छोटी, टेबलावर ठेवायची करवत दाखवली. तिच्या पात्याची कड वाटीच्या काठासारखी सपाट होती.

"याचे दात कुठे आहेत?" मी विचारले.

"वकीलसाहेब, पातं हाय त्ये. दात मोजायला सासूबाई हाय व्हय?" मी वकील नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगत बसत नाही. "कडंला हिऱ्याची भुकटी बसवलीय. घासत घासत कापतंय."

करवत म्हटली की दात आलेच, अशी माझी धारणा होती. झिजलेला माल माझ्या गळ्यात मारला जात आहे, असा मला दाट संशय आला. शिवाय ते यंत्र माझ्या मते फारच लहान होते. मी भिंतीवरचा फरशी कापायचा हातकटर मागितला. त्याच्या पात्याला ठसठशीत खाचा होत्या.

"त्ये फरशीला हाय," दुकानदार म्हणाला. "दगडाच्या कडा उडतील."

"मला चाचणी घेऊ द्या," मी म्हणालो.

"घ्या की. न्हाई पटलं तर परत आणा."

सुदैवाने घरी चाचणीसाठी मी माझीच एक गारगोटी घेतली. एका पायाने ती दाबून धरली आणि कटर टेकवला. कटर उसळला, गारगोटी अंगणात पळाली. पुन्हा धरून कापली, तेव्हा मधला भाग जाड पात्याने खाऊन टाकला होता आणि कडांचे टवके उडाले होते. पत्नी दारात उभी होती. तिने एक टवका उचलला, पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"माझ्या दगडाचं ह्येच करणार व्हता?"

मी कटर परत द्यायला पिशवीत भरला. तिने बरणीवरचा दगड पुसला, पदरात बांधला आणि चपला घातल्या. "चला. म्या बी येते."

दुकानात तिने दगड सरळ काउंटरवर ठेवला. तो गडगडू लागला, तसा तळहाताने थांबवला. "दादा, ह्यो गोल हाय. ह्याला धरायचं कशानं?"

दुकानदाराने ती छोटी करवत पुढे ओढली. तिच्यावर एक सरकता शिकंजा होता. लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये दगड धरून त्याने तो घट्ट आवळला. दगड हलला नाही. खाली पाण्याचे तबक होते. फिरताना पाते त्यात भिजत राहते, म्हणजे तापत नाही आणि धूळही उडत नाही. पत्नीने वाकून पात्याची जाडी पाहिली. "बारीक हाय. मधला दगड वाया जायचा न्हाई."

"वकीलसाहेब," दुकानदार हसत म्हणाला, "केस वहिनींनी जिंकली बघा."

माझ्या सर्व मुद्द्यांत दगड धरायचा कसा, हा मुद्दा नव्हता, हे मी येथे नमूद करतो. नवशिक्याने करवत घ्यायला जाताना आपला दगड बरोबर न्यावा, एवढा सल्ला मी आता अधिकाराने देऊ शकतो.

यंत्र घरी आल्यावर तिने त्याला हळदकुंकू वाहिले. माझ्या व्यवसायात कच्चा मसुदा मनासारखा झाल्याशिवाय मुद्रांकाच्या कागदाला हात लावत नाहीत. त्याच शिस्तीने मी खडीच्या ढिगातल्या गारगोट्या कापत राहिलो. काप सरळ येऊ लागले, तेव्हा तिनेच दगडावर पेन्सिलीने रेघ ओढली.

डोळ्यांना चष्मा लावून मी शिकंजा अगदी सावकाश पुढे सरकवला. आवाज एकसारखा होता. मग तो एकाएकी बदलला, पाते पोकळीत शिरले होते. मी हात आणखी हलका केला. अखेर दोन्ही अर्धे भाग अलगद सुटले. बाहेरून मातकट असलेल्या त्या दगडाच्या आत राखाडी पांढऱ्या पट्ट्यांचे कडे होते आणि मध्ये खडीसाखरेसारखे स्फटिक दाटले होते. एकही कड उडाली नव्हती.

"येवढं आत घिऊन बसला व्हता व्हय!" ती म्हणाली आणि बराच वेळ दोन्ही अर्धे उन्हात फिरवत राहिली.

रविवारी आम्ही वळसंगला गेलो. सासऱ्यांनी खाटेवर बसूनच एक अर्धा भाग हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. "फोडला न्हाईस त्ये लई बरं केलंस, पोरी." मग वाकून त्यांनी खाटेखालची पाटी ओढली. पाटीत मातीने माखलेले तसलेच दगड होते.

"अप्पा! मला वाटलं, येकच व्हता."

"येक तू नेलास. बाकीचं म्या ठिवलं. जावईबापू, ह्ये बी कापा की."

मी उत्तरासाठी योग्य शब्द जुळवत होतो, तोवर पत्नी जमिनीवर बसून एकेक दगड दोन तळहातांत शिकंज्यासारखा धरून पाहू लागली होती. "ह्यो बसंल. ह्यो बी बसंल." मग तिने नारळाएवढा एक दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडे पाहिले.

"ह्याला मोठी करवत लागंल, अहो."