बस बोलायला लागली

आमच्या मार्गावरच्या नव्या बसला वाचा फुटली आहे. थांब्यावर आली की ती आपला नंबर स्वतःच मोठ्यांदा सांगते. थांब्यावर रोज माझ्या शेजारी उभे राहणारे काका अंध आहेत. पूर्वी गाडी आली की ते विचारायचे, “किती नंबरची आली हो?” मी कधी सांगायचो. कधी कंटाळून, तिथे नसल्यासारखा, श्वास रोखून गप्प राहायचो. यंत्राला कंटाळा येत नाही, माणसाला येतो, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

आज बसने नंबर सांगितला. काका काठी टेकत दारापर्यंत गेले आणि बरोबर माझ्या दिशेने वळून हसले.

“बरं झालं हो, आता तुम्हाला श्वास रोखायला नको.”

ती माझीही बस होती. मी ती जाऊ दिली.