बोलोन्याची चौदा मिनिटं

श्यामरावांनी छत्तीस वर्षं रेल्वेत गार्डची नोकरी केली होती. तरी इटलीत राहणाऱ्या प्रफुल्लनं, त्यांच्या मुलानं, आखून पाठवलेल्या प्रवासात त्यांचा जीव बोलोन्यालाच अडकला. रोमपर्यंत विमानं ठीक होती, पण बोलोन्याला गाडी बदलायला चौदाच मिनिटं!

"बाबा, बहुत है," चार वर्षं घरी न आलेला प्रफुल्ल फोनवर म्हणाला.

श्यामरावांचा विश्वास फक्त घड्याळावर. त्यांनी दोन भरलेल्या बॅगा आणि बायको विमला यांना घेऊन रायपूर स्टेशनावर एक नंबरवरून पूल चढून पाच नंबर गाठून पाहिला. सव्वीस मिनिटं लागली.

विमलाबाई बाकावर बसून गुडघे चोळत राहिल्या.

"त्याले पुरतात न चौदा मिनिटं?" त्या म्हणाल्या. "मंग त्यालेच म्हणा, तू ये."