ठेवणं शिकायला आलेली बाई

मुलांनो, अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मी अमरावतीत लहान होते. माझे वडील देशमुखांच्या मुलांना मंत्राने वस्तू हवेत उचलायची विद्या शिकवत. आधी कूळ आणि वतनाची गावं म्हणायची, मग मंत्र, अशी रीत. तेवढ्याने तळहातावरचा कापसाचा पुंजका थरथरला तरी त्या मुलाचं कौतुक होई.

एकदा कापूस वेचणारी एक बाई पाठशाळेच्या दारात आली. कडेवर तान्हं मूल, आणि पदराचं टोक त्याच्या कमरेला घट्ट बांधलेलं.

"वतन कोणतं?" वडिलांनी विचारलं.

"वतन नाई, गुरुजी."

"मग कापूस वेचच, उडवू नको!" देशमुखांचा एक मुलगा म्हणाला.

त्यावर ती खुदकन हसली. अंगणातल्या गाड्यांवरचा सगळा कापूस छपराच्या वर गेला, कडेवरचं मूलही पदर ताणून वर गेलं. हसू थांबताच कापूस धपकन खाली आला, मूल तिने झेललं.

वडील म्हणाले, "बाई, तुला इथं काय शिकायचंय?"

"उचलनं आपोआप होते. हळू ठेवनं शिकवा. मी हासली का लेकरू वर जाते. त्याच्यासंगं हासाची बी चोरी झाली मले."

"ते मलाही येत नाही गं," वडील म्हणाले.

ती निघाली. मी फाटकापर्यंत गेले. मूल तिच्याकडे बघून खिदळत होतं, ती ओठ दाबून चालत होती. वळणावर तिला राहवलं नाही. मूल तिच्या डोक्यावर तरंगलं. एका हातात पदर, दुसरा हात झेलायला वर, अशी ती हसत हसत दिसेनाशी झाली. ते हसू कुठवर पुरलं असेल, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.